साठवणीचं माप

मैदानावर कुणी नवा आला की त्याला आधी घड्याळजींकडे पाठवत. छंद म्हणून छोटी विमानं उडवणाऱ्यांत त्यांचा शब्द शेवटचा. जन्म घड्याळांच्या पोटात डोकावण्यात गेलेला. उडत्या पाखराची पिसं मोजणारा माणूस, असं त्यांच्याबद्दल म्हणत. जमिनीवरून विमान चालवायचा ट्रान्समीटर घेताना झगमगीत पडद्याला भुलू नका, अंगठे दांड्यांवर सहज बसतात का ते बघा, असं ते सांगत. चार्जरच्या बाबतीत मात्र हटूनच बसत.

"बॅटरी साठवणीच्या मापावर आणता येते का, ते आधी विचारा. उडवायचं नसेल तेव्हा ती अर्ध्यावर आणून ठेवावी. भरल्या पोटी वाट बघायला लावली की फुगते. माणसासारखीच."

मग वर्षभरात डोळ्यांनी दगा दिला. कडेचं दिसे, ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जाई. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं. मैदानावर जाणं त्यांनी सोडलं आणि तिथल्यांना गुडघेदुखीचं कारण सांगितलं. घरी मात्र दर शनिवारी ते बॅटरी पूर्ण भरत आणि रविवारी संध्याकाळी, न उडवताच, पुन्हा अर्ध्यावर आणत. मुलगी ते बघत असे.

एका दुपारी ती म्हणाली, "बाबा, नवा ट्रान्समीटर घ्यायचाय."

"आहे त्याला काय धाड भरलीय?"

"मैत्रिणीला शिकवायचंय."

घड्याळजी सावरून बसले. "मग आपल्या जुन्याशी जोडता येईल असा घे. जुना शिष्याच्या हातात, नवा गुरूच्या. गुरूकडे एक खटका असतो. दाबून धरला की विमान शिष्याचं, सोडला की गुरूचं."

दुकानात त्यांनी तीन ट्रान्समीटर चाचपले, कानाशी धरून एकेक खटका दाबून पाहिला.

"घड्याळजी, टिकटिक नाही करत तो," दुकानदार हसला.

"खटका वाजला पाहिजे. विमान आपल्या हातातून गेलं, हे शिष्याला कळायला नको?"

रविवारी मैदानावर मैत्रिणीचा पत्ता नव्हता. "तिला नाही जमलं," मुलगी म्हणाली. "आलोच आहोत, तर तुम्हीच उडवा की. मी खटका धरून उभी राहते."

घड्याळजी समजायचं ते समजले. "म्हणजे शिष्य मी?"

"एक दिवस."

"मी सांगितल्याशिवाय सोडायचा नाही."

"नाही सोडणार."

विमान धावपट्टीवरून उचललं गेलं आणि लगेच डोळ्यांपुढच्या त्या पुसट डागात शिरलं. घड्याळजी आवाजावर उडवू लागले. अंगठ्यांना सगळं आठवत होतं. मोटरचा सूर उजवीकडे गेला, थोडा खाली आला, आणखी खाली आला. त्यांनी दांडी ओढली. तेवढ्यात शेजारी बारीकसा खटका वाजला.

विमान परत हाती देणाऱ्या दुसऱ्या खटक्याची ते वाट बघत राहिले. तो वाजला नाही.

मग त्यांनी दोन्ही अंगठे हळूच दांड्यांवरून उचलले. विमानाने सुरेख वळण घेतलं, वाऱ्याला सामोरं आलं आणि अलगद गवतात टेकलं.

"वा घड्याळजी, काय उतरवलंत," मागून कुणीतरी म्हणालं.

"बघा, जमतंय की तुम्हाला," मुलगी म्हणाली.

घड्याळजींनी अंगठे पुन्हा जागेवर ठेवले. "हो," ते म्हणाले. "शिकवलेलं वाया नाही गेलं."

घरी आल्यावर तिने बॅटरी चार्जरला जोडली. "शनिवारी मी भरून ठेवीन. तुम्ही नका त्रास घेऊ."

"शनिवारी नको. आत्ताच साठवणीच्या मापावर आण."

"पण रविवारी आपण..."

"अर्ध्यावर आण, बाळ. टिकते मग."

तिने बटण दाबलं. चार्जरचा छोटा पंखा सुरू झाला. तो थांबेपर्यंत दोघंही टेबलापाशी बसून राहिली.