नवऱ्याच्या ट्रकची सुई

दर रविवारी दुपारी चारला माझा नवरा जहाजावरून फोन करतो आणि घरातल्या वस्तूंची हजेरी घेतो. आधी विहिरीवरचा पंप, मग इन्व्हर्टर, मग मोटरसायकल. एकेक चालू करून मी फोन जवळ धरायचा आणि तिकडे त्याने ऐकून निकाल द्यायचा. तो इंजिनरूममध्ये असतो, त्यामुळे डोळ्यांपेक्षा त्याचा कानांवर विश्वास. आमच्या वाडीत बोटीवर असणाऱ्यांच्या बहुतेक घरी असंच चालतं.

सगळ्यात शेवटी ट्रक. हा हातभर लांबीचा, रिमोटवर पळणारा आणि नायट्रो नावाच्या खास तेलावर चालणारा. त्याला खेळणं म्हटलेलं नवऱ्याला खपत नाही, कारण त्याला खरं इंजिन आहे, खरा कार्ब्युरेटर आहे. आठवड्यातून एकदा फिरवला नाही तर पिस्टन चिकटतो म्हणे. म्हणून ते लोढणं माझ्या गळ्यात.

मे महिन्यातल्या त्या रविवारी मोटरसायकलपर्यंत हजेरी झाली आणि तो म्हणाला, "कंपनी विचारतेय गो, अजून तीन महिने थांबतोस काय. संध्याकाळी कळवायचं हाय. घरचं सगळं नीट असेल तर बघतो. ट्रक लाव जरा."

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो यायचा होता. तो आला की मी पंधरा दिवस बुरोंडीला माहेरी जाणार होते. पाच महिन्यांत मी एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. पंप, कलमं, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं माझ्यावर. ते टाकून कशी जाणार?

'घरी या' असं त्याला म्हणायचं मला जमत नाही. एकदा म्हटलं होतं, तर घाबरून त्याने विचारलं, "काय बिघडलं?" काहीच बिघडलेलं नव्हतं. मग मी विषय पंपावर नेला.

ट्रक घरापुढच्या खळ्यात ठेवला, टाकीत तेल भरलं, प्लग गरम करायची कांडी लावली आणि दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला सुरू झाला, पण छातीत कफ भरल्यासारखा घरघरत. मागे ढीगभर पांढरा धूर. पिकअप दिला की अडखळायचा. कार्ब्युरेटरची सुई, म्हणजे तेल कमी-जास्त करणारा स्क्रू, नवऱ्याने बसवली होती ती डिसेंबरच्या कोरड्या, गार हवेत. मेच्या घामट हवेत इंजिनाला तेवढं तेल पचत नाही. हे मला माझ्या कानांनी शिकवलं, त्याने नव्हे.

"सुईला हात लावू नको हां," फोनमधून आवाज आला. "माझं सेटिंग हाय ते. गरम होऊ दे फक्त."

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सुई अर्धपाव फेरा उजवीकडे फिरवली. घरघर कमी झाली. आणखी किंचित फिरवली. आवाज मोकळा झाला, धुराची निळसर बारीक रेघ राहिली. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो सावकाश उकळून आटला. म्हणजे बरोबर.

स्क्रूड्रायव्हर अजून खाचेतच होता. मला ठाऊक होतं, अजून पाव फेरा उजवीकडे दिला तर तेल कमी पडेल, धूर नाहीसा होईल, आवाज चिरका आणि जोरदार होईल. फोनवर तो ऐकायला झकासच वाटेल. दोन मिनिटं पूर्ण पिकअपवर पळवला की पिस्टन घासून संपलाच. मग मी म्हणू शकले असते, तुमच्या वस्तू मला सांभाळवत नाहीत, बिघडलंय, या.

मी खरंच मनगट वळवलं. आवाज चढला. धूर विरळ झाला आणि त्या इवल्याशा इंजिनाचा सूर असा कोरडा, ताणलेला लागला की मला ऐकवेना. राग नवऱ्यावर, आणि मारत होते कुणाला? माझी मलाच चीड आली. चार सेकंदांत सुई मागे घेतली, निळी रेघ परत आली आणि ट्रक खळ्यात गोल गोल पळायला लागला.

"वा! काय वाजतंय गो!" नवरा खूश. "बघ, सांगत होतो ना, माझ्या सेटिंगला तोड नाय. आणि तू असताना मला घोरच नाय. हो म्हणून कळवतो त्यांना."

मी "बरं" म्हटलं. त्याने फोन ठेवला. टाकीत अजून थोडं तेल होतं, म्हणून ट्रक पळत राहिला. तेव्हा कुठे मी मोठ्याने म्हणाले, "या ना घरी."

ओटीवरून सासूबाईंनी विचारलं, "काय बोललीस गो?"

"चांगला चाललाय म्हटलं," मी सांगितलं.