जावेच्या हातचं पाणी

सरकारनं तांड्याजवळच्या तलावाचा गाळ काढायला घेतला, तशी साठी उलटलेली धुरपताबाई पुन्हा कामावर आली. पण मजुरांना पाणी पाजायचं सावलीतलं काम मुकादमानं तिच्या धाकट्या जावेला, गोमाबाईला दिलं. धुरपताबाईच्या पोटात दुखलं. सकाळपासून तिनं जावेच्या हातचा घोट घेतला नाही.

दुपारी डोक्यावरच्या गाळाच्या पाटीसकट ती डगमगली. गोमाबाई तांब्या घेऊन धावली, तिनं पाटी खाली उतरवली.

"आक्का, माझा राग पाण्यावर काहून काढून राहिल्या?"

धुरपताबाईनं ओंजळ धरली, घटाघटा पाणी पिऊन तोंड वाकडं केलं.

"गरमच हाय! घागरीला ओलं फडकं गुंडाळायचं कळत न्हाई व्हय?"

"मग उद्या तुमीच पाजा."

धुरपताबाईनं तिच्या हातातला तांब्याच काढून घेतला.

"उद्या काहून? ही घे पाटी."