निवृत्ती शिंप्याचा दुसरा डोस

“अहो, पोट भरलंय पिल्लाचं, म्हणून नगाऱ्यासारखं दिसतंय!”

“भरलंय? मग पाठीची हाडं का मोजता येतात, सोयरा?”

“तुमची दृष्ट लागते खाणाऱ्याला. साकु आता, पुरे!”

भिंतीपलीकडे शेजारच्या सरस्वतीबाईंनी वरवंटा थांबवला. अग्रहारात घराला घर चिकटलेलं; तिथं शेजारचं भांडण अर्धवट ऐकणं म्हणजे पाप. निवृत्तीच्या घरी मांजरीची तीन पिल्लं, त्यातली दोन ढेरी फुगून मेलेली. सोयराबाईला मूलबाळ नव्हतं. उरलेल्या एकाला ती दूध पाजतच होती, आणि ते वाळतच होतं.

तिचा नवरा निवृत्ती हाडाचा शिंपी. बोलून भागेना, तेव्हा त्यानं गळ्यातली टेप काढली. एका रविवारी मोजलं, पुढच्या रविवारी पुन्हा. पोट दीड इंच वाढलेलं, छाती होती तेवढीच.

“अगं, अंग धरलं की छातीही वाढते. मी काय आजच शिवायला बसलोय?”

 सोयराबाई देवाशी वाद घालील, पण मापाशी नाही.

कापडी पिशवीत पिल्लू घालून दोघं गुरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पोट चाचपलं. “जंत आहेत. आईच्या दुधातून आलेत, तिलाही औषध द्या.” पिल्लाला तोललं, वजनाप्रमाणं औषध पाजलं. “पंधरा दिवसांनी दुसरा डोस. आज-उद्या मोठे पडतील, बारके मागाहून वाढतात.”

“म्हणजे दुसरी ट्रायल,” निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिल्लाच्या शी-शूसाठी ठेवलेल्या राखेत शेवयांसारखं भेंडोळं पडलं. सोयराबाईनं वर्षभर शेवयांचा पायस केला नाही. पिल्लू मात्र पुढं चौदा वर्षं मशीनखाली झोपलं.

तेव्हापासून कुणाच्याही मांजराचं पोट सुटलं की निवृत्ती टेप घेऊन हजर. दवाखान्यात न्यायचा, दुसऱ्या डोसाची तारीख खडूनं भिंतीवर लिहायचा. ब्लाउज मात्र त्यानं जन्मात तारखेला दिला नाही.

“निवृत्ती, पुढच्या जन्मी मी मांजरच होते रे,” सरस्वतीबाई म्हणायच्या. “निदान वेळेवर येशील.”

म्हातारपणी त्याला दम लागायचा. शेवटचा फेरा गावाच्या दुसऱ्या टोकाला, विजयनगरचा, सरस्वतीबाईंच्या लेकीच्या मांजरीच्या दुसऱ्या डोसासाठी.

“उद्या जा हो,” सोयराबाई म्हणाली.

“उद्या सोळावा दिवस होतो.”

बसनं गेला. मांजरीला टॉवेलात गुंडाळलं, जबड्याच्या कडेनं औषध सोडलं, पोट मोजलं, साबणानं हात धुऊन कॉफी प्याला. घरी येऊन भिंतीवरची तारीख पुसली. मशीनवर सरस्वतीबाईंचा ब्लाउज महिनाभर हुकांवाचून पडला होता.

“परवा नक्की!” त्यानं भिंतीपलीकडे ओरडून सांगितलं.