वाळू दळणारं मन

जगायचंच नाही असं ठरवलेल्या माणसाला एखादी उपमा वाचवू शकते, असं तुम्हाला खरंच वाटतं? मला वाटत होतं.

ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत मी मध्ययुगातल्या एका ख्रिस्ती तत्त्वज्ञावर प्रबंध लिहीत होते. नीती आणि श्रद्धा समजावताना तो रोजच्या वस्तूंच्या उपमा देतो. माणसाचं मन त्याला पाणचक्कीसारखं दिसतं. प्रवाह थांबत नाही, दगड फिरतच राहतात. गहू टाकला तर पीठ पडतं. वाळू टाकली तर दगडच झिजतात.

त्याच सुमारास लंडनमधल्या इल्फर्डच्या घरी बाबांनी डायलिसिसला जाणं बंद केलं. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. बाबा स्वतः डॉक्टर. किती दिवस उरलेत हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. डायलिसिस विभागातली नर्स मला फोनवर म्हणाली, निर्णय त्यांचा आहे.

आमच्या घरात भांडणंसुद्धा पत्रकांवर व्हायची. एक पान लिहायचं, फ्रिजवर लावायचं, समोरच्याने खाली उत्तर द्यायचं. आवाज चढवायचा नाही, मुद्दा मांडायचा, ही शिस्त बाबांचीच. म्हणून मिळेल त्या ट्रेनने घरी पोचल्यावर मीही पत्रकच लावलं. मनाच्या चक्कीत चांगलं धान्य टाकणं हे तुमचं कर्तव्य आहे, उपचार नाकारणं हा पळपुटेपणा आहे, असं ठळक अक्षरांत.

बाबांनी चहा उकळेपर्यंत ते वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. उत्तर लिहिलं नाही.

मग मात्र माझा आवाज चढला. आयुष्यभर देव आहे याचा पुरावा मागितलात, आता मरणाने काही सुटेल याचा का मागत नाही, असं मी तोंडावर विचारलं.

"धान्य टाका म्हणतेस," ते म्हणाले. "आत आधीच काय पडतंय, ते विचारलं नाहीस."

मी विचारलं.

"तुझी आई गेली त्या दिवशी मी डायलिसिसच्या खुर्चीत होतो. तिचा फोन आला, छातीत जळजळतंय म्हणून. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, गोळी घे आणि पड. आता त्या खुर्चीत बसलो की चार तास तेवढंच दळलं जातं."

मी फ्रिजवरचं माझं पान काढून घेतलं. उद्या मी तुमच्या शेजारी बसेन, चारही तास, एवढंच म्हणता आलं. सकाळी सातला हॉस्पिटलची गाडी येते. बाबा अजून हो म्हणालेले नाहीत.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्याला पटवायला काही लिहून पाठवू नका. आजच जा, समोर बसा, आणि तो सांगेल ते मधे न बोलता शेवटपर्यंत ऐका.