कोरडा शर्ट

नव्या कॅनव्हासच्या बुटांचं खोकं उघडलं आणि रबराच्या वासाबरोबर अण्णांची सकाळची फेरी आठवली. अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून हवालदार होऊन कोरेगावला परतलेले. पुढं त्यांच्या हृदयाचा स्नायू कमजोर झाला, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. असेच बूट घालून ते कॅनॉलच्या रस्त्यानं जायचे आणि तासाभरानं कोरड्या शर्टानं परत यायचे.

आईला संशय आला. "फौजी माणूस आन् घाम न्हाई? कुठंतरी बिडी वडत बसत्यात. बघून ये."

एका सकाळी मी उसाच्या आडोशानं त्यांच्या मागं गेलो. अण्णा संथ चालत होते आणि एकटेच मोठ्यानं बोलत होते. "ह्यो ऊस लय वाढलाय. त्यो तोडीला…" वाक्य तुटलं, की उभे राहायचे. दम परत आला, की ते वाक्य पुरं करून पाऊल टाकायचे. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. घरी तसंच सांगितलं. आईनं बूट माळ्यावर टाकले. अण्णांना कुणीच काही विचारलं नाही, आणि तेही पुन्हा चालायला गेले नाहीत.

परवा माझ्या हृदयाचे रिपोर्ट बघून साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला, पण घाम काढू नका. चालताना बोलत राहा. वाक्य तुटलं की थांबायचं."

आज कॅनॉलवर मी मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, माझं…"

थांबलो. दम परत आला, तरी पुढचं बोलता येईना.