शनिवारचा डबा

गाडीत बसले होते, पण पुन्हा उतरले आणि दाराचं कुलूप ओढून पाहिलं. मनोजने दोनदा ओढलं होतं, तरीही. सौसरच्या आमच्या गल्लीतल्या तुम्ही सगळ्या बाया दारात उभ्या होत्या, कुंदा डोळे पुसत होती, आणि माझं लक्ष माझ्या मुलाच्या, मनोजच्या डोळ्यांवर. अगदी कोरडे. बापाचं वर्षश्राद्ध आटोपून तो आईला कायमची पुण्याला नेत होता आणि मोबाइलवर रस्ता बघत होता. बाप गेला तेव्हाही तो रडला नव्हता. तेव्हा तुम्ही एकमेकींच्या कानात काय बोललात ते मला ऐकू आलं होतं. राग आला नाही, कारण मनात मीही तेच म्हणत होते. नागपूरच्या वाटेवरचं लोधीखेडा मागे पडलं तोवर माझी खात्री झाली होती की हा काहीतरी लपवतो आहे.

संशय हा माझा जुना रोग. सत्तावीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोरांची वजनं कागदावर वाढलेली आणि अंगावर न वाढलेली पाहिली की माणूस असा होतो. आमचे हे म्हणायचे, "तुले देव भेटला तं त्यालेबी आधार कार्ड मांगशीन." मागितलंच असतं.

पुण्यात या रोगाला भरपूर खाद्य मिळालं. अकरावा मजला, लिफ्ट, दारावर कॅमेरा. दूध ॲपवरून येतं. कोणत्या म्हशीचं, ते कोणाला विचारायचं? सौसरला दिवसभर दार उघडं असायचं, इथं शेजारीण बेल वाजवण्याआधी मेसेज करते. सून रश्मी चांगली आहे, पण जास्त गोड बोलली की मी सावध होते. एक दिवस ती म्हणाली की शनिवारी संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये काही मंडळी जमतात, ज्यांचं कोणी गेलंय अशी. गोल बसायचं, आपापलं सांगायचं, फी नाही. फी नाही म्हटल्यावर मी कान टवकारले. फुकट कोणी रडू देतं का? पॉलिसी विकत असतील, नाहीतर एखाद्या बाबाचा सत्संग असेल. मी रश्मीला जामसावळीच्या मारुतीची शपथ घालून विचारलं. ती हसली, पण हसताना तिने मनोजकडे पाहिलं. तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पहिल्या शनिवारी गेले. आठ-दहा खुर्च्या, मध्ये टिश्यूचं खोकं, आणि सगळ्यांना 'शेअर करा' म्हणणारी एक तरुण मुलगी. कोणी नवऱ्याचं सांगत होतं, कोणी लेकीचं. आपल्याकडे दुःखाच्या घरी बाया गळ्यात पडून मोठ्याने रडतात. इथं एक जण रडला की बाकीचे गप्प बसतात. मी कोण पावतीपुस्तक काढतं ते बघत बसले. निघताना ती मुलगी 'पुन्हा या हं' म्हणाली. दुःखाच्या बैठकीतून उठणाऱ्या माणसाला कोणी असं म्हणतं?

तरी दुसऱ्या शनिवारी गेले, पाळत ठेवायला. पण रिकाम्या हाताने नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आपण पिठलं-भाकर नेतो, कडू घास. इथं सगळ्यांच्याच घरचं माणूस गेलेलं आणि कोणी कोणासाठी काही आणत नाही, हे मला पटलं नव्हतं. मी डबा उघडला तर सगळे बघतच राहिले. फक्त मोरे सर म्हणून एक म्हातारे मास्तर, बायको गेलेले, त्यांनी हात पुढे केला. भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

"तुम्ही मनोजच्या आई," ते म्हणाले. "मागच्या वर्षी तोच एकटा इथं असा पिठलं-भाकरीचा डबा आणायचा."

मी म्हटलं, मनोजला शनिवारी ऑफिस असतं. सौसरहून मी शनिवारी संध्याकाळी फोन केला की तो उचलायचा नाही, आणि रविवारी हेच कारण सांगायचा. ती मुलगी सरांना थांबवू लागली. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे म्हणे. पण सरांना वाटलं, मला सगळं माहीत आहे.

"त्या पाण्याचं त्याला फार लागलंय," ते म्हणाले. "दर वेळी तेच सांगायचा. वडिलांनी पाणी मागितलं आणि मी दिलं नाही."

नागपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी यांच्याजवळ मनोज एकटाच होता. गुडघ्यांमुळे मी सौसरलाच राहिले. हे ऑपरेशनमध्येच गेले. शेवटचं काय बोलले, असं मी मनोजला कितीदा विचारलं, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, काही नाही, झोपेत होते. म्हणजे माझा संशय खरा होता. खरा ठरल्याचा आनंद मात्र झाला नाही. राग आला, की पुण्यातल्या परक्या लोकांना ठाऊक आहे आणि मला नाही.

घरी आले तेव्हा मनोज टीव्हीसमोर बसला होता. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"बाबानं पाणी मांगतलं होतं?"

कोणी सांगितलं, हे त्याने विचारलं नाही. टीव्ही बंद केला.

"तीनदा मांगतलं, माय. ऑपरेशन हाय, घोटभरबी देऊ नका, असं म्हणे नर्स. मी म्हणलं, बाबा, बाहेर आल्यावर देतो."

"मले का नाही सांगतलं?"

"तू असती तं देल्लं असतं. हेच तुह्या तोंडून आयकायचं भेव वाटे."

बरोबर बोलला. मी दिलं असतं. नर्सची पाठ वळली की पदर भिजवून यांच्या ओठाला लावला असता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरने बजावलं होतं, तरी मी यांना चहा पाजला होता, आणि तेव्हा दारात पहाऱ्याला मनोजच उभा होता.

"नाही," मी म्हटलं. "मीबी नसतं देल्लं. डाक्टरचं आयकाच लागते."

तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मी ओळखते, माझीच आहे. त्याला माझं एक अक्षरही पटलं नव्हतं. मग तो माझ्या पायाशी बसला आणि रडला, मोठ्याने, आपल्याकडच्या बायांसारखा. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा तेच म्हटलं, नसतं देल्लं.

फोनवर तुम्ही विचारता, घरी कधी येऊन राहिली? सौसरचं घर माझंच आहे, अंगण झाडून घेता त्याबद्दल तुमचे उपकार. पण जन्मभर मी लोकांचं खोटं पकडत आले, आणि माझं खोटं पोराने पकडून तसंच ठेवून घेतलं. आता ते मला रोज त्याच्यासमोर बसून निभवायचं आहे. सौसरहून फोनवर ते जमणार नाही, माझा आवाज त्याला लगेच कळतो. म्हणून सध्या माझं घर इथं आहे, अकराव्या मजल्यावर. आणि कुंदा, दिवाळीत तो तिकडे आला आणि त्याने विचारलं तर तूही त्याला सांग, माय डाक्टरचं सगळं आयकत होती.