थेंबभर राखण

मंदा गेल्याचा फोन तिच्या भाचीनं केला, तेव्हा मी बाजारात बोंबलांचा वाटा निवडत होते. "मावशी, आत्या गेली…" एवढंच ती बोलली. मी वाटा कोळणीच्या पाटीत परत ठेवला आणि तिथंच बसले. आता काही आठवडे झालेत, तरी मंदा आठवली की रडू येण्याआधी थक्क व्हायला होतं.

आम्ही थळच्या कोळीवाड्यातल्या, एका बाकावरच्या. मी शाळेत बाई झाले, ती मुंबईच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवू लागली. म्हावरं सोडून हे काय वाढवतेस, असं मी चिडवायची. मग एकदा तिनं मला सूक्ष्मदर्शकापाशीच बसवलं. हाडाच्या पातळ कापावर हाड खाणाऱ्या पेशी सोडलेल्या, आणि वाळवी लागावी तसे त्यात खड्डे पडलेले. शेजारच्या बशीत तसाच काप, त्याच पेशी, फक्त इस्ट्रोजेनचा, बायकांच्या त्या संप्रेरकाचा, लवलेश मिसळलेला. तिथं खड्डे अगदी तुरळक. "बघ गो, राखणदार नुसता हाय, एवढ्यानंच भागतं," ती हळूच म्हणाली. कातडी, रक्तवाहिन्या, सगळीकडे त्याची राखण असते, पाळी गेली की ती ओसरते, हे तिनंच समजावलं. पुरुषांच्या हाडांनाही ते लागतं, हे मी घरी सांगितलं तेव्हा आमचे हे मिशी चाचपू लागले.

चाळिशीच्या आत तिच्या स्तनात गाठ निघाली. आणि काय सांगू… ती गाठ त्याच इस्ट्रोजेनवर पोसत होती. ते बनवणारी अंडाशयं काढावी लागली, उरलंसुरलं इस्ट्रोजेन तोडायला गोळ्या. भेटायला आलेल्या बायका आपल्याकडच्या रीतीनं म्हणाल्या, बरं झालं, पाळीतून मोकळी झालीस. मला संताप आला. मंदा हसली.

"मोकळी न्हाय गो. राखणदाराला मीच घालवला. गाठ उपाशी मराया पायजे ना."

मग ती आमच्यादेखत म्हातारी झाली. रात्री घामानं भिजायची, गुडघे धरायचे, पाठ वाकत गेली. लोक तिला माझी थोरली बहीण समजत. ती मात्र स्वतःचे हात उलटसुलट करून बघायची, बशीत बघितलेलं आता अंगात बघते म्हणायची, आणि त्यात खंत कमी, नवल जास्त असायचं. वर्षामागून वर्षं गेली. शेवटी न्यूमोनियानं तिला नेलं. गाठ परत आलीच नाही.

परवा भाचीबरोबर तिचं स्वयंपाकघर आवरत होते. चहासाखरेची फळी पार खाली आलेली, आणि तिच्या वरती भिंतीत जुन्या खिळ्यांची भोकं, एकावर एक. पाठ वाकेल तशी मंदा फळी खाली घेत गेली होती. सगळ्यात वरची भोकं माझ्या कपाळाशी होती. शाळेत आम्ही दोघी एकाच उंचीच्या.

फळी वर घेऊ या का, भाचीनं विचारलं. मी नको म्हटलं. एवढी उंची देऊन मंदानं एवढी वर्षं घेतली होती. मग मी वाकले आणि चहाचा डबा काढला.